मोटारीचा श्वास : इन्टेक व एक्झॉस्टमधील बदल निवडताना

नवी मोटार घेऊन वर्ष-दीड वर्ष उलटले, की अनेक मालकांना तिच्या ‘पिकअप’विषयी असमाधान वाटू लागते. चार माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना गिअर खाली आणावा लागतो, ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागतो. मग कोणी मित्र शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर सुचवतो, कोणी मेकॅनिक ‘फ्री फ्लो’ सायलेन्सर बसवून देण्याची तयारी दाखवतो. खोक्यावर दहा-पंधरा अश्वशक्तीची वाढ छापलेली असते. काही हजारांपासून लाखापर्यंत खर्च होतो, मोटार गर्जू लागते आणि ती जोरात धावते आहे, असे वाटूही लागते. ती खरोखर जोरात धावते का, हे मात्र फारच थोडे जण तपासून पाहतात.

हवा आत घेणारी यंत्रणा म्हणजे इन्टेक आणि जळालेले वायू बाहेर टाकणारी यंत्रणा म्हणजे एक्झॉस्ट. या दोन्हींत सुधारणा करून इंजिनाची शक्ती वाढवता येते, यात वाद नाही. जगभरच्या मोटार शर्यतींत हे शास्त्र गेली अनेक दशके वापरात आहे. मात्र कोणत्या इंजिनात किती वाव शिल्लक आहे, तो नेमका कुठे आहे आणि तो वापरताना इंजिनाचे आयुष्य, विमा आणि कायदा यांचे काय होते, हे पाहिल्याशिवाय केलेला खर्च बहुतेक वेळा आवाजावरच जातो.

इंजिन किती हवा घेते?

पेट्रोल इंजिनाला एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंधन हवे तेवढे ओतता येते. ते अवघड काम नाही. अडचण असते ती हवा आत भरण्याची. म्हणूनच इंजिनाची शक्ती ठरते ती मुख्यतः त्यात शिरणाऱ्या हवेच्या वजनावर.

भारतात लाखोंच्या संख्येने विकल्या गेलेल्या मारुतीच्या ११९७ सीसी क्षमतेच्या इंजिनाचे उदाहरण घेता येईल. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा घेते. म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, हे इंजिन मिनिटाला जवळजवळ ३६०० लिटर हवा ओढते. इमारतीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या साडेतीन टाक्या एका मिनिटात रिकाम्या व्हाव्यात, असा हा वेग आहे.

तथापि, शहरात चालणारी मोटार या अवस्थेत क्वचितच असते. सिग्नल ते सिग्नल धावताना फेरे दीड-दोन हजारांच्या घरात असतात आणि थ्रॉटलची झडप जेमतेम उघडलेली असते. त्या वेळी हवेला खरा अडथळा ही झडपच करते. किंबहुना तिचे कामच ते आहे. झडप अर्धवट मिटलेली असताना तिच्या अलीकडचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी इंजिनाला जास्त हवा मिळत नाही. चालकाने पाय जरा जास्त दाबला की तोच परिणाम फुकटात साधतो. इन्टेकमधील बदलाने ‘अ‍ॅव्हरेज’ वाढते, हा दावा याच कारणाने टिकत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक मोटारींना मुद्दाम चोंदलेले फिल्टर बसवून पाहिले. इंधनाच्या वापरात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र पूर्ण थ्रॉटलवर वेग घेण्याची क्षमता घटली. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारीत इंधनावरही परिणाम दिसला होता. ‘फिल्टर साफ, तर अ‍ॅव्हरेज झकास’ ही पिढ्यान्पिढ्या चालत आलेली समजूत त्या काळातली आहे आणि त्या काळापुरती ती चुकीचीही नव्हती.

खरेदीआधी मोजणी

मूळ फिल्टर इंजिनाला खरोखर किती अडवतो, हे कळण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. सुमारे दोन मीटर लांबीची पारदर्शक नळी ‘यू’ आकारात एखाद्या फळीवर बांधून तिच्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. तिचे एक तोंड मोकळे ठेवावे आणि दुसरे फिल्टर व थ्रॉटल यांच्यामधील हवेच्या नळीला एखाद्या छोट्या छिद्रातून घट्ट जोडावे. पूर्ण थ्रॉटलवर वरच्या फेऱ्यांना इंजिन हवा ओढू लागले, की नळीच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो. हा फरक म्हणजेच फिल्टर आणि त्याच्या डब्याने केलेला अडथळा.

वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्यामुळे पातळीत २० सेंटीमीटरचा फरक दिसला, तर अडथळा सुमारे दोन टक्क्यांचा. फिल्टर, डबा, नळी सारे काढून टाकून इंजिन उघडे ठेवले तरी, हवेचे तापमान तेच असल्यास, साधारण या दोन टक्क्यांहून जास्त लाभ होणे संभवत नाही. ९० अश्वशक्तीच्या इंजिनात तो दोन अश्वशक्तीहूनही कमी. खोक्यावर पंधरा लिहिलेले असो की पन्नास, जे अडलेलेच नाही ते मोकळे करता येत नाही. ही चाचणी मेकॅनिकच्या मदतीने आणि शक्यतो डायनोवर, म्हणजे मोटार रोलरवर धाववून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर करावी. रस्त्यावर करायची झाल्यास आकडा वाचणारी व्यक्ती वेगळी हवी, हे सांगायला नको.

हाच आकडा ५० किंवा ६० सेंटीमीटर आला तर गोष्ट निराळी. मात्र तेव्हाही पहिला संशय चोंदलेल्या फिल्टरवर घ्यावा. काही शे रुपयांचा नवा मूळ फिल्टर बसवून पुन्हा मोजावे. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते.

कागद की कापूस?

कारखान्यातून येणारा फिल्टर घड्या घातलेल्या विशिष्ट कागदाचा असतो. त्याला पर्याय म्हणून विकला जाणारा फिल्टर बहुधा तेल लावलेल्या सुती कापडाचा असतो. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या केअँडएन या कंपनीचे नाव या प्रकाराशी जवळजवळ एकरूप झाले आहे. असे फिल्टर धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून वर्षानुवर्षे वापरता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

फिल्टरची निवड करताना तीन गोष्टी पाहायच्या असतात : तो हवेला किती अडवतो, धूळ किती पकडतो आणि किती धूळ साठल्यावर चोंदतो. आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या तिन्हींची चाचणी होते. विक्रेता मात्र बोलतो तो पहिल्या गुणाविषयीच. खरे तर ज्या प्रदेशात वर्षातले आठ महिने रस्त्याकडेला माती उडते आणि डंपरमागून जाताना काच पुसावी लागते, तिथे दुसरा गुण सर्वांत महत्त्वाचा ठरावा. धुळीतील सिलिकाचे कण सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासतात. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते काही हजार किलोमीटरनंतर निळ्या धुरात आणि कमी होणाऱ्या ऑइलमध्ये दिसते. चाचणीचे आकडे जाहीर न करणारा, नाव-गावाचा पत्ता नसलेला स्वस्त फिल्टर घेणे म्हणूनच महागात पडते.

सुती फिल्टरला तेल लावताना हात आखडता ठेवावा लागतो. तेल जास्त झाले, तर त्याचे सूक्ष्म थेंब हवेचे वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसण्याची शक्यता असते. मग ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, चुकीचा आकडा जातो आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. हवेचे वजन थेट न मोजता दाबावरून त्याचा अंदाज घेणाऱ्या मोटारींना हा धोका कमी असतो. आपल्या मोटारीत कोणता सेन्सर आहे, हे खरेदीपूर्वीच विचारून घेतलेले बरे.

थंड हवा आणि पावसाचे पाणी

इन्टेकच्या बाबतीत खरा वाव असलाच तर तो हवेच्या तापमानात असतो. हवा तापली की विरळ होते. ३० अंश सेल्सिअसची हवा ६० अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के कमी हवा मावते. थंड हवेचा लाभ प्रत्येक चालकाने नकळत अनुभवलेला असतो. हिवाळ्यातल्या पहाटे मोटार जरा हलकी वाटते ती यामुळेच. उलट, सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ झालेली असते आणि साधी, टर्बो नसलेली इंजिने दमल्यासारखी होतात. तिथे बिचाऱ्या फिल्टरचा काही दोष नसतो.

आता बॉनेटखाली उघडा बसवलेला, रंगीत, शंकूच्या आकाराचा फिल्टर पाहावा. रेडिएटरच्या पंख्याने मागे फेकलेली, एक्झॉस्टच्या नळीवर तापलेली हवा तो ओढतो. मूळ डब्याला मात्र कारखान्याने पुढच्या जाळीमागून बाहेरची थंड हवा आणणारे तोंड दिलेले असते. फिल्टरचा अडथळा दोन टक्क्यांनी कमी करून हवा नऊ टक्क्यांनी विरळ करण्याचा हा व्यवहार आहे. तरीही तो लोकप्रिय आहे, कारण उघड्या फिल्टरचा ओढल्यासारखा घोगरा आवाज कानाला सुखावतो. आवाजच हवा असेल, तर तसे स्वतःशी कबूल करून पैसे खर्च करायला हरकत नाही.

यावर उपाय म्हणून ‘कोल्ड एअर इन्टेक’ येते. त्यात लांब नळी घालून फिल्टर पुढच्या बंपरच्या आत, खाली बसवतात. तिथली हवा थंड असते, हे खरे. पण मुंबई, ठाणे, कोकण किंवा पुण्याच्या सखल भागात राहणाऱ्याने हा पर्याय निवडताना पावसाळा डोळ्यांपुढे आणावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शेकडो मोटारी रस्त्यातच बंद पडल्या. तेवढा पाऊस नेहमी पडत नाही. परंतु भुयारी रस्त्यात किंवा रेल्वे पुलाखाली फूटभर पाणी साचायला साधी सरही पुरते. फिल्टरने पाणी ओढले की ते सिलिंडरमध्ये जाते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दुरुस्तीचा खर्च छोट्या मोटारीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढा होऊ शकतो. नेहमीच्या सर्वसमावेशक विमा पॉलिसीत असे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि इन्टेकची जागाच बदललेली असेल तर त्या कलमाखालचा दावाही वादात सापडू शकतो.

या सर्वांचा विचार करता, साध्या इंजिनाच्या मोटारीत मूळ डबा तसाच ठेवून, हवेच्या तोंडाजवळची तडे गेलेली किंवा निसटलेली नळी बदलणे आणि दर्जेदार फिल्टर बसवणे एवढेच बहुतेकांना पुरेसे आहे. मूळ नळीवर दिसणारे रिकामे, फुगीर डबे निरुपयोगी समजून काढून टाकण्याचा सल्लाही काही गॅरेजांत मिळतो. तो ऐकू नये. हवेच्या लहरींचा आवाज शोषण्यासाठी आणि काही इंजिनांत विशिष्ट फेऱ्यांवर टॉर्क सांभाळण्यासाठी ते मुद्दाम दिलेले असतात. नळीच्या लांबीला किती महत्त्व असते, हे क्रायस्लरने १९६० मध्ये ३०० एफ या मोटारीत दाखवून दिले होते. तिच्या इंजिनावर सुमारे ३० इंच लांबीच्या इन्टेक नळ्या आडव्या पसरलेल्या होत्या आणि त्यांतल्या लहरींच्या जोरावर मधल्या फेऱ्यांचा टॉर्क वाढत असे.

सायलेन्सरची गोष्ट

एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा वायू ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना आत आलेल्या हवेच्या सुमारे तिप्पट जागा व्यापतो. म्हणून इथला अडथळा इन्टेकपेक्षा अधिक जाचक ठरू शकतो. त्याचबरोबर गैरसमजही इथेच अधिक.

‘इंजिनाला थोडा बॅकप्रेशर लागतोच’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते. तसे नाही. कोणत्याही इंजिनाला वायू बाहेर ढकलताना विरोध नकोच असतो. जाड नळी बसवल्यावर खालच्या फेऱ्यांचा जोर कमी झाल्याचा जो अनुभव येतो, त्याचे कारण वेगळे आहे. एक्झॉस्टची झडप उघडताच वायूचा एक झोत आणि त्याबरोबर दाबाची लहर नळीतून धावते. तप्त वायूत तिचा वेग सेकंदाला पाचशे मीटरहून अधिक असतो. नळीची जाडी आणि लांबी जुळलेली असेल, तर या झोतामागे निर्माण होणारी पोकळी पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला वायूही ओढून काढते. नळी फाजील जाड केली की झोत मंदावतो, ओढ संपते आणि शहरात लागणारा जोर हरवतो. दीड-पावणेदोन इंचांची नळी असलेल्या १.२ लिटरच्या मोटारीला अडीच इंची नळी लावणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

एक्झॉस्टचे इंजिनाकडून मागे मोजत गेल्यास मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, रेझोनेटर, मफलर आणि शेवटचे टोक असे भाग होतात. फायदा जितका इंजिनाजवळ तितका जास्त, आणि धोकाही तितकाच. शेवटचे चकचकीत टोक ही केवळ शोभा आहे. फक्त मागचा मफलर बदलल्याने आवाज बदलतो, शक्ती जवळजवळ तेवढीच राहते. कन्व्हर्टरपासून मागची संपूर्ण नळी, जिला ‘कॅट-बॅक’ म्हणतात, बदलल्यास साध्या छोट्या इंजिनात दोन-चार अश्वशक्ती मिळू शकतात, तेही मूळ नळी वळणावर चेपलेली असेल तर. नळी वाकवताना आतला व्यास कायम राखणारी ‘मॅन्ड्रेल’ पद्धत आणि नुसती दाबून वाकवण्याची पद्धत यांत मोठा फरक असतो. कारागिराला हे विचारले तर तो लगेच सांगतो. न सांगितल्यास वळणावर बोट फिरवले तरी कळते.

मॅनिफोल्डऐवजी ‘हेडर’ बसवणे हा त्यापुढचा टप्पा. चार सिलिंडरच्या चार नळ्या आधी दोन आणि मग एक होणारी, म्हणजे ‘४-२-१’ रचना मधल्या फेऱ्यांना उपकारक, तर चारही एकदम एकत्र येणारी ‘४-१’ रचना वरच्या फेऱ्यांना. रस्त्यावर चालवायच्या मोटारीला पहिलीच योग्य. २००० च्या दशकात शौकिनांची लाडकी ठरलेल्या, उंच फेऱ्यांवर खुलणाऱ्या १०६ अश्वशक्तीच्या होंडा सिटी व्हीटेकसारख्या मोटारींत हेडरला अर्थ होता. आजच्या अनेक इंजिनांत मात्र कन्व्हर्टर मॅनिफोल्डला चिकटूनच बसवलेला असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टीएसआय इंजिनात तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या आतच ओतलेला आहे. तिथे हेडर बसवायला जागाच नाही. ‘कोणत्याही मोटारीला हेडर बसवून देतो’ असे सांगणाऱ्याच्या बोलण्यातून त्याचे ज्ञान कोणत्या काळातले आहे, ते समजते.

आवाजाविषयी आणखी एक व्यावहारिक बाब. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर वेळा पेटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी शंभर किलोमीटरने जाताना अनेक छोट्या मोटारींचे फेरे याच सुमारास असतात. मूळ रेझोनेटर हा नेमका सूर गिळण्यासाठी असतो. तो काढला की बंद काचांच्या आत एकसुरी घुमणारा आवाज भरून राहतो. गॅरेजच्या दारात जो नाद मर्दानी वाटतो, तो लोणावळ्यापर्यंत डोके उठवतो, आणि मागच्या सीटवर आई-वडील असतील तर परतीच्या प्रवासाआधीच जुना सायलेन्सर परत बसवण्याचा ठराव होतो.

कन्व्हर्टर काढू नये

शक्ती वाढवण्याचा सर्वांत सोपा म्हणून सुचवला जाणारा आणि सर्वांत गैर मार्ग म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथे सरळ नळी जोडणे. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठीच शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. शिसे कन्व्हर्टरला निकामी करते. प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या पातळ थरावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर कमी घातक वायूंत होते. तो काढल्यावर हे तिन्ही वायू थेट बाहेर येतात. त्यांचा पहिला वाटेकरी सिग्नलला शेजारी उभा असलेला दुचाकीस्वार असतो.

साध्या इंजिनात त्यातून मिळणारी शक्ती किरकोळ असते, कारण सुस्थितीतील आधुनिक कन्व्हर्टर फारसा अडथळा करत नाही. कन्व्हर्टर चोंदला असल्यास मोटार खरोखरच दमते. पण तो का चोंदला, हे शोधायला हवे. ऑइल जळत असेल किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत असेल तर नवा कन्व्हर्टरही लवकरच जातो. त्याच्या अलीकडच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून ही तपासणी करता येते. कन्व्हर्टरच्या पलीकडेही एक सेन्सर असतो. कन्व्हर्टर गायब झाल्याचे तो ओळखतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर बहुधा पी०४२० हा संकेत दिसतो. सेन्सरला फसवणारे तुकडे बाजारात मिळतात. ते बसवून देणारे गॅरेज उद्या तुमच्या बाजूने उभे राहणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल मोटारींत काजळी पकडणारे जे फिल्टर आले, ते काढण्याबाबतही हेच लागू आहे.

टर्बो असेल तर

टर्बो इंजिनाचे गणित निराळे. त्यात हवा दाबून भरली जाते आणि टर्बोचे चाक एक्झॉस्टच्या वायूवरच फिरते. चाकामागचा अडथळा कमी झाला की ते लवकर वेग घेते. म्हणून टर्बोला लागून असलेली ‘डाउनपाइप’, चांगला इंटरकूलर आणि ईसीयूचे नवे ‘मॅपिंग’ यांचा एकत्रित परिणाम ठळकपणे जाणवतो. २००४ मध्ये भारतात आलेल्या १५० अश्वशक्तीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसपासून पुढच्या काळातील टीएसआय मोटारींपर्यंत शौकिनांचा ओढा टर्बोकडे वळला तो या कारणाने.

पण इथेही बहुतेक वाढ ईसीयूने वाढवलेल्या दाबातून येते, नळीतून नव्हे. दाब वाढला की सिलिंडरमधले तापमान वाढते आणि ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटण्याचा, म्हणजे ‘नॉकिंग’चा धोका येतो. क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क पेलतील, हा दुसरा प्रश्न. मॅपिंग करणाऱ्याने आपल्याच मोटारीवर, आपल्या पंपावरचे पेट्रोल भरून नोंदी घेतल्या आहेत की परदेशातली तयार फाइल उतरवली आहे, हे विचारणे आवश्यक आहे.

डायनोचा आलेखही डोळसपणे वाचावा. कंपनी सांगते ती शक्ती इंजिनाच्या दांड्यावरची; रोलरवर मोजली जाते ती चाकांवरची आणि ती साधारण पंधरा टक्के कमी भरते. बदलापूर्वीची आणि नंतरची मोजणी त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, शक्यतो त्याच दिवशी आणि किमान तीनदा झालेली असावी. सकाळच्या थंड हवेतला ‘नंतर’ आणि आदल्या दुपारचा ‘आधी’ यांची तुलना करून पाच अश्वशक्ती सहज दाखवता येतात. सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा दोन ते चार हजार फेऱ्यांमधली रेषा किती उचलली गेली, हे पाहावे. मोटार रोज चालते ती तिथेच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरू शकतो. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले जात असल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, ती बहुतांशी बुलेटच्या ‘पुंगळ्यां’ची असली तरी नियम मोटारींनाही तोच आहे.

पीयूसी मिळाली म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. पेट्रोल मोटारीची ही तपासणी उभ्या मोटारीवर, भार नसताना होते आणि तिच्यात नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. वॉरंटीचे तर विचारायलाच नको.

कायद्याच्या चौकटीत राहून हा शौक करायचा, तर त्याचीही सोय आहे. ह्युंदाईने २०२१ मध्ये आणलेल्या १२० अश्वशक्तीच्या आय-२० एन लाइनमध्ये आणि टाटाने २०२४ मध्ये आणलेल्या तेवढ्याच शक्तीच्या अल्ट्रॉझ रेसरमध्ये एक्झॉस्टचा नाद कारखान्यातच जुळवलेला होता. अशा मोटारी वापरलेल्या बाजारातही मिळतात. साध्या मोटारीवर टप्प्याटप्प्याने लाख रुपये घालणाऱ्याने ती विकून टर्बो मोटार घेण्याचा हिशेब एकदा तरी मांडावा. वेगाची खरी हौस असलेल्यांसाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै, कोइम्बतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध हे शर्यतीचे मार्ग आहेत. तिथे धावणारी खास मोटार ट्रकवर चढवून नेली जाते. कार्यालयात जाण्यासाठी ती वापरली जात नाही.

ज्यांना बदल करायचाच आहे, त्यांनी आधी स्पार्क प्लग, मूळ फिल्टर, क्लच, ब्रेक चिकटत नाहीत ना, आणि टायरमधला दाब तपासून घ्यावा. हरवलेल्या ‘पिकअप’चा मोठा भाग बहुधा इथेच सापडतो. एक्झॉस्टची नळी घेताना पोलादाचा प्रकार विचारावा. ३०४ या प्रतीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ४०९ प्रतीत क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत दोन-चार पावसाळ्यांनंतर हा फरक दिसतो, आणि साधे लोखंड तर त्याआधीच गळू लागते. जोडणीनंतर हजारभर किलोमीटर झाले की स्कॅनरवर इंधनाच्या दुरुस्तीचा आकडा पाहावा. ईसीयू सतत दहा टक्क्यांहून अधिक इंधन घालत किंवा काढत असेल, तर कुठे तरी हवेची गळती आहे किंवा सेन्सर फसतो आहे. काढलेले मूळ भाग गॅरेजमध्ये सोडून येऊ नयेत. कन्व्हर्टरमधील धातूंना भंगारात चांगली किंमत येते, हे मेकॅनिकला ठाऊक असते. ते कापडात गुंडाळून कोरड्या जागी, बोल्ट आणि गॅस्केटसह ठेवावेत. मोटार विकताना गिऱ्हाईक पहिली चौकशी त्यांचीच करते.